एकाला 'इज', दोघांना 'आर'

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या त्या मोठ्या हॉलमध्ये कुणालाच धड काही दिसत नसे. येताना दिसायचं, पण आल्या आल्या नर्सबाई प्रत्येकाच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकायच्या आणि मग तासभर सगळं जग साबणाच्या पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं. भिंतीवर नंबर दाखवणारी हातभर लांब, लाल आकड्यांची पाटी होती. ती स्पष्ट वाचता यायची फक्त झाडूवाल्या मावशींना, आणि त्यांना नंबर नव्हता.

म्हणून सगळा कारभार कानांवर. छताच्या कोपऱ्यात एक स्पीकर होता आणि त्यातून दर पाच-सात मिनिटांनी एक बाई म्हणायची, "नंबर ट्वेल्व्ह इज नेक्स्ट." दवाखान्यात सतरा ठिकाणची, सतरा भाषांची माणसं येत, त्यामुळे बोलणं इंग्रजीत, आकडे तेवढे सगळ्यांना कळत. आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. जरा जड, जरा दमलेला, आणि वाक्य संपताना हातातली पिशवी खाली ठेवावी तसा टेकणारा. पण तो ऐकला की माणूस घाबरायचा थांबे. शेजारच्या घरातून कुणीतरी 'अहो, या आता' म्हणावं, तसं वाटे.

ही बाई म्हणजे टोकनताई. दाराजवळच्या खिडकीत बसून टोकन द्यायची म्हणून टोकनताई. खरं नाव हजेरीच्या मस्टरवर होतं, आणि मस्टर कोण वाचतंय!

तिचा आवाज छतावर कसा चढला, त्याचीही एक गंमत होती. दहा महिन्यांपूर्वी दवाखान्यानं नंबर पुकारायचं यंत्र मागवलं. यंत्र आलं, वायर आली, स्पीकर आला. आवाज आलाच नाही. आवाज वेगळा मागवायचा असतो, हे कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात ते कुणीच वाचलं नव्हतं. तेव्हा मशीनभाऊ म्हणाला, "आवाज काय, घरचाच घालू." मशीनभाऊ म्हणजे तपासणीच्या यंत्रांपासून चहाच्या किटलीपर्यंत जे जे बंद पडेल ते चालू करणारा माणूस. त्यानं टोकनताईला गाठलं. ती दिवसभर खिडकीतून नंबर ओरडतच असायची, म्हणजे गळा तयार होता.

तिला तेव्हा आठवा संपत आलेला. शांत जागा म्हणून दोघांनी निवडली ब्लँकेटची खोली. ऑपरेशनच्या पेशंटांची ब्लँकेटं तिथं छतापर्यंत रचलेली असत आणि आत शिरलं की बाहेरचा आवाज मरून जाई. खुर्ची आणि टेबल यांच्या मधल्या फटीत टोकनताई मावेना. मग ती ब्लँकेटच्या ढिगावर पाय पसरून बसली, मोबाइल पोटावर टेकवला आणि एकपासून नव्व्याण्णवपर्यंत सगळे आकडे बोलली. शिवाय 'नंबर' हा शब्द आणि 'इज नेक्स्ट' हा जोड. चौतिसाव्या आकड्याला पोटातल्या बाळानं सणसणीत लाथ हाणली. मोबाइल उडाला. मशीनभाऊ म्हणाला, राहू दे, कुणाला कळतंय. तेव्हापासून हॉलमध्ये 'थर्टी-फोर'च्या मागून एक बारकी 'धप्प' यायची आणि नेहमीचे पेशंट गालातल्या गालात हसायचे.

मग ठमी जन्मली. टोकनताई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचा आवाज मात्र एकही सुट्टी न घेता कामावर हजर राहिला.

आता सासूबाईंचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. टोकनताईच्या सासूबाई कुणाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या. साप निघाला तर पायातली चप्पल काढणाऱ्या. पण उजव्या डोळ्याचा पडदा सुजला, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, आणि या वाघिणीची शेळी झाली. पहिल्या खेपेला थेंब घालून घेतले आणि नंबर यायच्या आत रिक्षा करून घरी आल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. डॉक्टरांनी मुलाला बोलावून सांगितलं, "डावा आधीच अधू आहे. उजव्याचे महिने चुकवलेत तर आहे ती नजरही जाईल." मुलगा समजावून थकला. तो बेकरीत कामाला. पहाटे तीनला उठून शंभर किलो पीठ मळणं त्याला आईला समजावण्यापेक्षा सोपं वाटे.

तिसऱ्या खेपेला सासूबाई हॉलमध्ये बसल्या, पिशवी छातीशी धरून, एक पाय दाराकडे वळवून. आणि छतातून सून बोलली, "नंबर ट्वेंटी-वन इज नेक्स्ट."

"हो, आले आले!" सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि उठल्याच. स्वयंपाकघरातून हाक आली की उठतात तशा. आत जाऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "सुनेनं बोलावलंय म्हणून आले. लवकर उरका." सुई कधी आली, कधी गेली, त्यांना कळलंही नाही.

तेव्हापासून सहा इंजेक्शनं झाली होती. घरी त्या फुशारकीनं सांगायच्या, "घरातली सून दहा वेळा हाका मारते, मी जागची हलत नाही. यंत्रातली मात्र गुणाची. एकदा बोलते आणि गप्प बसते."

"मग तिलाच आणा ना घरी," टोकनताई म्हणायची.

"आणली असती. पण तिला पोरगी सांभाळता येत नाही."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दवाखान्यात दुसरे डॉक्टर आले. आतल्या खोलीत दोन खुर्च्या झाल्या, आणि मोठ्या मॅडमनी ठरवलं, आता पेशंट जोडीनं आत सोडायचे. मोठ्या मॅडम म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख. चप्पल न वाजवता चालायच्या, त्यामुळे त्या कुठंही असू शकत होत्या. त्यांनी मशीनभाऊला सांगितलं, यंत्राला दोन-दोन नंबर बोलायला शिकव. मशीनभाऊनं होते तेच तुकडे जोडले. सोमवारी सकाळी छत म्हणालं, "नंबर ट्वेल्व्ह, नंबर थर्टीन इज नेक्स्ट."

झालं! तेरा नंबर उठला आणि बारा नंबर बसून राहिला. त्याला वाटलं, आपलं नाव घेतलं पण पुढं 'इज' तेराच्याच वाट्याला आला, आपल्याला टाकलं. दुपारपर्यंत सगळे सम नंबर रुसून बसलेले. आणि त्याच दुपारी मोठ्या मॅडमच्या टेबलावर एक अर्ज आला. डोळ्यांत थेंब असताना लिहिलेला, त्यामुळे अक्षरं बोटभर उंच आणि ओळी डोंगर चढल्यासारख्या. 'सप्रेम नमस्कार. दोन माणसं 'इज' होऊ शकत नाहीत. एक माणूस इज, दोन माणसं आर. मी एकतीस वर्षं खालच्या वर्गांना हे एवढंच शिकवलं आणि आता म्हातारपणी छतावरून उलटं ऐकतो आहे. माझा डावा डोळा आपल्या ताब्यात दिलाच आहे. कान तरी शाबूत ठेवावेत, ही विनंती.' खाली सही, निवृत्त इंग्रजी शिक्षक. दवाखान्यात त्यांना सगळे मास्तर म्हणत.

मोठ्या मॅडमनी टोकनताईला आणि मशीनभाऊला बोलावलं. रजा संपवून टोकनताईला रुजू होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

"मास्तर बरोबर बोलतायत," मॅडम म्हणाल्या. "मी एका कंपनीशी बोलले. त्यांचा माणूस शुक्रवारी येतो. तयार आवाज आहे, एक, दोन, शंभर, सगळं बरोबर बोलतो. ऐका." त्यांनी फोनवर नमुना लावला. लोण्यातून सुरी फिरावी तसा गुळगुळीत आवाज. चूक काढायला जागा नाही, आणि त्या आवाजाला आई नाही, बाप नाही.

टोकनताईनं मनात तारखा मोजल्या. गुरुवारी सासूबाईंचं सातवं इंजेक्शन होतं आणि त्यानंतर पुढच्या महिन्यात आठवं. या लोण्याच्या बाईनं हाक मारली तर त्या उठणार? रिक्षा करून घरी.

"मॅडम," ती म्हणाली, "तीनच तुकडे कमी आहेत. 'नंबर्स', 'अँड' आणि 'आर नेक्स्ट'. मी बोलते की. माझाच आवाज आहे."

"तसं चाललं तर मलाही हवंच आहे. पण एका वाक्यात दोन बायका बोलल्यासारखं वाटता कामा नये. इथं सगळे डोळे मिटून बसलेले असतात, आवाज बदलला की दचकतात." मॅडमनी पेनचं टोपण लावलं. "गुरुवारी दुपारच्या पाळीला लावा. मी हॉलमध्ये उभी राहीन. लोक बिनबोभाट उठले तर तुमचा आवाज. नाहीतर शुक्रवारी कंपनीचा."

संध्याकाळी पेशंट गेल्यावर दोघं ब्लँकेटच्या खोलीत शिरले. या वेळी खुर्ची-टेबलाच्या मध्ये टोकनताई छान मावली. ताठ बसून तिनं तीन तुकडे खणखणीत म्हटले. मशीनभाऊनं ते जुन्यांत गुंफून ऐकवले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 'नंबर्स' ही नवी, 'ट्वेल्व्ह' ही जुनी, 'अँड' नवी, 'थर्टीन' जुनी, 'आर नेक्स्ट' पुन्हा नवी. आई आणि तिची शाळकरी मुलगी माइकसाठी भांडताहेत, असं वाटत होतं.

"तुझा आवाज बारीक झालाय गं," मशीनभाऊ म्हणाला.

"झोप नाही माझी नऊ महिने. जाड कुठून होणार?"

मंगळवारी गरम पाणी पिऊन झालं. थंड पाणी पिऊन झालं. जुना आवाज दमलेला होता म्हणून टोकनताई दोन मजले पळत चढून आली आणि धापा टाकत 'आर नेक्स्ट' म्हणाली. मशीनभाऊनं ऐकवलं. मागं चोर लागलाय असं वाटत होतं. "हे ऐकून पेशंट उठतील," तो म्हणाला, "पण दाराकडे पळतील."

मास्तर तपासणीला आले होते. दोन्ही डोळ्यांत थेंब. अर्ज आपणच केल्यानं हे सगळं रामायण घडलं, याचा त्यांना पश्चात्ताप व्हायला लागला होता. पण शिकवल्याशिवाय राहवेना. खिडकीशी उभं राहून म्हणाले, "टोकनताई, 'आर' म्हणताना तोंड मोठं उघडा. जांभई आल्यासारखं. आऽऽर."

टोकनताईनं तोंड उघडलं आणि तिला खरोखरीच जांभई आली. मग मास्तरांना आली. मग रांगेतल्या पहिल्या चौघांना.

"क्रियापद सोपं आहे हो," डोळे पुसत मास्तर म्हणाले. "स्वतःपुरता माणूस असला की ॲम. दुसरा कुणी एकटा असला की इज. जोडीला कुणी आलं, की आर. मुलं हे आठ दिवसांत शिकायची."

"मला येतंय, मास्तर. गळ्याला येत नाहीये."

"मी अर्ज मागं घेऊ का?"

"बारा नंबर अजून रुसलेला आहे. त्याचं काय करू?"

मास्तर चाचपडत खुर्चीकडे वळले.

बुधवारी संध्याकाळी टोकनताई घरी आली तेव्हा सासूबाई ठमीला मऊ भात भरवत होत्या. म्हणजे भात ठमीच्या कानात होता, सासूबाईंच्या पदरावर होता, थोडा ठमीच्या तोंडातही होता. टोकनताईनं मोबाइल पुढं केला. "आई, ऐका बरं एकदा."

यंत्र बोललं. सासूबाईंचा हात वाटीत थांबला.

"ही कोण?"

"मीच की."

"'ट्वेल्व्ह' म्हणणारी तू. मधेमधे तोंड घालते ती कोण?"

"तीपण मीच. आजच बोललेय."

"असेल. पण मला बोलावणारी ती ही नव्हे," सासूबाईंनी निकाल दिला आणि ठमीच्या तोंडात घास सरकवला. "उद्या हिनं हाक मारली तर मी काही उठायची नाही, आधीच सांगते. मग म्हणू नका."

टोकनताई मटकन खाली बसली. तीन दिवसांचा शीण एकदम आला. "आई, अहो, डोळा तुमचा आहे. आवाजावर काय बसलंय? कुणी का बोलावेना, उठून आत जायचं एवढंच तर आहे."

"तुझ्या डोळ्यात येते का सुई?"

ठमीनं मध्येच एक फुर्रर केलं आणि भात तिघींच्याही अंगावर सारखा वाटला.

सासूबाईंनी पदर झटकला. मग म्हणाल्या, "पुन्हा लाव बघू. जुनं लाव. नुसतं जुनं."

टोकनताईनं लावलं. 'नंबर ट्वेंटी-वन इज नेक्स्ट.'

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "शेवटी कशी टेकते. डोक्यावरची घागर उतरवल्यासारखी. आणि मध्ये श्वास घेते तो अर्धाच. पुढं जागा नाही ना." त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं. "अगं, हा भरल्या पोटाचा आवाज आहे. मी दोनदा बोललेय या आवाजात. तेव्हा बसली कशी होतीस तू?"

"ब्लँकेटवर. पाय पसरून. मोबाइल पोटावर."

"आणि आता?"

"खुर्चीत."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. हाताला भात होता, तो कपाळाला लागला. "तीन दिवस गरम पाणी काय पितेस, जिने काय चढतेस! पोटावर ओझं नाही तर आवाज टेकणार कुठं? उद्या हिला घेऊन येते मी. साडेआठ किलो भरलीय. तेव्हा आत होती, आता बाहेरून ठेव."

"आई, ती गप्प पडून राहील का?"

"भात खाऊ घालते पोटभर. पण एक ऐक," सासूबाईंनी बोट उगारलं, "मी तिथं बसून खरं ऐकणार. सून म्हणून सूट नाही. आतून हाक आली असं वाटलं, तरच उठेन."

गुरुवारी मधल्या सुट्टीत ब्लँकेटच्या खोलीत चौघं होती. टोकनताई ढिगावर पाय पसरून, पाठ मागच्या थप्पीला टेकून. तिच्या पोटावर पालथी ठमी, गाल आईच्या छातीशी, तोंड उघडं, भात आणि पांघरुणांची ऊब यांनी गाढ झोपलेली. जिथं तेव्हा मोबाइल होता तिथं आता ठमी, आणि मोबाइल ठमीच्या पाठीवर, मशीनभाऊनं दोन बोटांनी धरलेला. दाराशी स्टूल टाकून सासूबाई राखणीला. बाहेर कुणाची पावलं वाजली की त्या इतक्या मोठ्यानं 'शूऽऽ' करायच्या की मशीनभाऊला ते पुसून काढायला लागे.

"आई, तुम्हीच शू."

"मी कुठं बोलले?"

टोकनताईनं श्वास घेतला. तो अर्ध्यातच अडला. वर साडेआठ किलोंचा ऐवज. तिला एकदम ते दिवस आठवले. बूट घालता येत नसत, कुशीवर वळायचं तर आधी बेत करावा लागे, आणि कुणी बघत नसलं की ती पोटाशी बोलायची. तेव्हा तोंड न पाहिलेलं माणूस आज तिच्या ब्लाउजवर लाळ गाळत होतं. ती हळूच म्हणाली, "नंबर्स." मग, "अँड." मशीनभाऊनं अंगठा दाखवला. मग ती म्हणाली, "आर नेक्स्ट," आणि शब्द आपोआप खाली टेकला, घागर उतरवल्यासारखा. त्याच्या पाठोपाठ ठमीनं झोपेत एक लांब, समाधानी सुस्कारा सोडला.

"सुस्कारा आला आत," मशीनभाऊ कुजबुजला. "पुन्हा घेऊ."

"घ्या."

पण त्याची बोटं हलली, मोबाइल घसरला, त्याचा गार कोपरा ठमीच्या मानेला लागला, आणि मग ठमीनं ब्लँकेटच्या खोलीतूनही बाहेर ऐकू जाईल असा सूर लावला. त्यानंतर पंचवीस मिनिटं तिघांनी मिळून काय काय केलं. टोकनताईनं पाय हलवले, सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, मशीनभाऊनं किटलीचं झाकण वाजवून दाखवलं. ठमीला रडायचंच होतं. सुट्टी संपली. होता तो एकच तुकडा लावायचा, दुसरा इलाज नव्हता.

"सुस्कारा कापता येईल?"

"शब्दाला चिकटलाय. कापला तर 'नेक्स्ट'चं शेपूट जाईल."

दुपारची पाळी सुरू झाली. बेकरीतून सुटलेला ठमीचा बाबा पिठाचे हात घेऊनच आला आणि तिला घेऊन दाराबाहेर फेऱ्या मारायला लागला. टोकनताई खिडकीत बसली. सासूबाई हॉलमध्ये, नंबर एकतीस. शेजारी तीस नंबर, मास्तर. दोघांच्याही डोळ्यांत थेंब. सासूबाईंनी पिशवी छातीशी धरलेली. एक पाय दाराकडे. मोठ्या मॅडम कुठंतरी होत्या. चप्पल वाजत नसल्यानं कुठं ते कळत नव्हतं.

मास्तर नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. "बाई, मी एकटा असलो की ॲम. तुम्ही एकट्या असलात, आणि मी दुसऱ्या कुणाला तुमच्याविषयी सांगत असलो, की इज."

"माझ्याविषयी कुणाला सांगताय?"

"उदाहरण आहे हो. आणि आपण दोघं असलो की आर."

"एवढ्यावर एकतीस वर्षं काढलीत?"

"मुलं चुकायची ना."

"टोपी कितीदा काढून घालताय?"

मास्तरांनी टोपी डोक्यावर दाबून बसवली. मग म्हणाले, "आजवर नुसते थेंबच होते. डोळ्यात सुई आज पहिल्यांदाच. घरी कुणाला सांगितलं नाही. अर्ज लिहिताना बरं वाटत होतं, तेवढा वेळ सुईचा विचार येत नव्हता."

सासूबाईंचा दाराकडचा पाय जरासा आत आला.

अठ्ठावीस आणि एकोणतीस नंबर आधीच्या पाळीचेच होते; ते मशीनभाऊनं स्वतः हाताला धरून आत नेले. मग तो यंत्राशी गेला. टोकनताईनं खिडकीतून पाहिलं. त्यानं एक बटण दाबलं आणि छताकडे बघत उभा राहिला. तिनं हातातलं टोकन इतकं घट्ट धरलं की नंबर तळव्यावर उमटला.

"नंबर्स थर्टी अँड थर्टी-वन आर नेक्स्ट," छत म्हणालं. आणि शेवटी, अगदी हळू, एक सुस्कारा.

हॉलमधली साबणाच्या पाण्यातली सगळी तोंडं वर झाली. कुणी दचकलं नाही. कोपऱ्यातल्या एका आजोबांनी तेवढं विचारलं, "बाळ कुणाचं आहे?" आणि कुणीतरी म्हणालं, "झोपलंय वाटतं, हळू बोला."

सासूबाई बसून होत्या. मान किंचित कलती. टोकनताईला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती. ती पाठ एक क्षण हलली नाही, दोन क्षण हलली नाही.

"हो, आले आले!" सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. पिशवी काखेत मारली आणि उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या, कारण शेजारची खुर्ची रिकामी झाल्याचा आवाज आला नव्हता. त्या वळल्या, अंदाजानं हात पुढं केला, तो मास्तरांच्या टोपीला लागला, तिथून खाली येत त्यांनी कोपर पकडलं.

"उठा मास्तर. दोघांना बोलावलंय. तुम्हीच शिकवलंत ना आत्ता?"

"हो, हो," मास्तर म्हणाले, पण उठेनात.

"माझी सून आहे ती. आणि शेवटी नात आहे. दोघी सांगतायत तर ऐकायचं. आत काही होत नाही. मी सहा वेळा जाऊन आलेय. सुई येते आणि जाते, पाहुण्यासारखी. चहासुद्धा विचारायला लागत नाही."

मास्तर हसले आणि हसता हसता उठले. दोघं, एकमेकांना धरून, कुणालाच काही दिसत नसताना, खुर्च्यांच्या रांगेला धडकत, एकमेकांना 'सांभाळून' म्हणत आत गेले.

"हे बाळ कुठून आलं मध्येच?" टोकनताईच्या मागून आवाज आला. मोठ्या मॅडम खिडकीच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या.

यंत्रापाशी उभा असलेला मशीनभाऊ पुढं आला. "मॅडम, थर्टी-फोरला लाथ आहेच. आता आरला सुस्कारा. एकाच पोरीचं आहे सगळं."

मॅडमनी हॉलकडे पाहिलं. बारा-पंधरा माणसं मिटल्या डोळ्यांनी निवांत बसली होती. एक बाई तर घोरत होती. "ही एकतीस नंबर," मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला दोनदा पळून गेली होती, तीच ना?"

"हो. माझ्या सासूबाई आहेत."

"हं." त्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मशीनभाऊ, त्या कंपनीच्या माणसाला कळवा, उद्या येऊ नका म्हणून. आणि 'रूम्स'पण बोलून घ्या कधीतरी, पुढं खोल्या वाढल्या की लागेल." जाता जाता थांबल्या. "पोरगी जड व्हायच्या आत."

वीस मिनिटांनी आतलं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, उजव्या डोळ्यावर पट्टी, मागोमाग डाव्या डोळ्यावर पट्टी घातलेले मास्तर. दोघांचे मिळून दोन डोळे उघडे होते आणि तेवढ्यांवर ते ऐटीत चालत होते. टोकनताई खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. "आई! दुखलं का?"

"तू बोलावलंस, मी गेले. दुखायला वेळ कुठं होता?" सासूबाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर पिशवी ठेवली. दाराबाहेरून ठमीचं रडणं ऐकू येत होतं, त्यांनी कान टवकारले, मग घाईनं म्हणाल्या, "पुढच्या महिन्याचं टोकन दे लवकर. आणि दोन दे, लागोपाठचे."

"दोन कशाला?"

सासूबाईंनी मागं मास्तरांकडे मान वळवली आणि आवाज बारीक केला. म्हणजे त्यांच्या मते बारीक, हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकला.

"अगं, त्यांना एकट्याला बोलावलं तर ते उठत नाहीत."